देवमाशाचे तेल आणि आपले गोणपाट

मंडळाच्या वार्षिक सहलीचा विषय कमिटीत निघाला की तीच तीन-चार नावे पुढे येतात. ब्लॅकपूल, लेक डिस्ट्रिक्ट, एडिंबराचा किल्ला, आणि एखादा फारच उत्साही असेल तर रात्रभर बसने प्रवास करून नीसडनचे मंदिर. यंदा आम्ही डंडीचे नाव सुचवले. "डंडीला कशाला? त्यापेक्षा सहलीलाच दांडी मारू," असा विनोद लगेच झाला. तो आम्हीही हसून घेतला. पण नंतर जे बोलणे झाले त्यात हसण्यासारखे काही नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या ज्येष्ठ काकांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे: डंडी हे देवमासे मारून मोठे झालेले बंदर. आपल्या मंडळात अर्धी घरे शाकाहारी, त्यात दोन जैन कुटुंबे. पोरांना सुट्टीच्या दिवशी भाले, सुऱ्या आणि चरबीच्या कढया दाखवायला का न्यायचे? आणि त्या इतिहासाशी आपला संबंध काय?

पहिला प्रश्न रास्त आहे, त्याकडे पुढे येतो. दुसऱ्याचे उत्तर तेव्हा आम्हाला नीट देता आले नाही. म्हणून ठरवले की आधी आपणच जाऊन यावे. मागच्या महिन्यात एका शनिवार-रविवारी आम्ही तीन कुटुंबे, म्हणजे सहा मोठी माणसे आणि पाच पोरे, थालीपिठे आणि दोन थर्मास चहा घेऊन ग्लासगोहून निघालो. दीड तासात टे नदीच्या काठी पोचलो. वारा असा की थर्मासचे झाकण उघडायला दोघे लागत होते.

पहिल्या दिवशी मॅकमॅनस संग्रहालय पाहिले. तिकीट नाही. तिथे एका दालनात वर टांगलेला देवमाशाचा सांगाडा आहे. त्याची हकीकत इंग्रजांच्या, किंवा इथे स्कॉट मंडळींच्या म्हणायला हवे, खास विक्षिप्तपणाची आहे. 1883 च्या हिवाळ्यात हा मासा आपण होऊन टे नदीच्या मुखात आला. आर्क्टिकला देवमासे मारायला जाणारी जहाजे ज्या गावची, त्याच गावात. हिवाळ्यात शिकारी घरीच होते. 31 डिसेंबरला त्याला भाला लागला, त्याने रात्रभर नावा ओढत नेल्या आणि दोर तोडून तो निसटला. आठवड्याभराने मेलेला सापडला. लिलाव झाला, जॉन वुड्स नावाच्या तेलाच्या व्यापाऱ्याने तो घेतला आणि पैसे घेऊन लोकांना दाखवला. ॲबर्डीनचे प्राध्यापक स्ट्रदर्स यांनी त्याचे विच्छेदन केले तेव्हा शेजारी बँड वाजत होता. मॅकगोनागल या स्थानिक कवीने त्याच्यावर कविताही केली. या कवीची ख्याती जगातला सर्वांत वाईट कवी अशी आहे, त्यामुळे आपल्या दिवाळी अंकातल्या कवींनी धीर सोडू नये.

आमच्यातल्या सात वर्षांच्या मुलीने विचारले, "याला मराठीत देवमासा म्हणतात ना? मग देवाला का मारले?" कोणाकडेच उत्तर नव्हते. तिच्या आईने सँडविच पुढे केले.

खरी गोष्ट आम्हाला रविवारी व्हर्डंट वर्क्समध्ये कळली. ही तागाची जुनी गिरणी, आता तिचे संग्रहालय आहे. ताग कुठला, तर बंगालचा. 1820 च्या सुमारास डंडीच्या गिरणीवाल्यांनी तो यंत्रावर कातून पाहिला तेव्हा काम जमेना. ज्यांनी घरी तागाची दोरी वळली असेल त्यांना कारण ठाऊक असेल: धागा राठ, कोरडा, ताण दिला की तुटतो. आम्ही पोटापाण्यासाठी रसायने ढवळतो म्हणून थोडे सांगतो. तागात लिग्निन नावाचा पदार्थ कापसाच्या मानाने फार असतो. लाकडाला ताठपणा देणारा तो हाच. तंतू मऊ करायचा तर त्यात पाणी आणि तेल दोन्ही मुरवावे लागते, नुसत्या पाण्याने भागत नाही. डंडीत तेल मुबलक होते, देवमाशाचे. तेल-पाण्याचे मिश्रण तागाच्या जुड्यांवर शिंपडून त्या मुरत ठेवल्या, आणि 1830 नंतर तोच ताग यंत्रावर सरळ चालू लागला. पुढे क्रिमियाच्या युद्धात (1854 ते 1856) रशियाकडून येणारा जवस आणि अंबाडीसारखा माल अडला, आणि डंडी तागाची राजधानी झाली. लॉकी भागातल्या कॉक्स बंधूंच्या गिरणीची 282 फुटी चिमणी अजून उभी आहे. गावात शिरताना तीच आधी दिसते.

आता पाहा. त्याच काळात रस्त्यांवर गॅसचे दिवे आले होते, दिव्यांसाठी देवमाशाचे तेल कोणी विचारीना. हलसारख्या मोठ्या बंदराने 1869 च्या सुमारास हा धंदा सोडून दिला. डंडीची जहाजे मात्र पहिल्या महायुद्धापर्यंत जात राहिली. त्याला कारणे दोन. एक, बायकांच्या कमरपट्ट्यांसाठी लागणाऱ्या देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्यांना चांगला भाव होता. आणि दुसरे, गावातल्या गिरण्यांना तेल हवे होते. म्हणजे बंगालच्या शेतकऱ्याने गुडघाभर पाण्यात उभे राहून कुजवलेला, सोललेला ताग नसता, तर डेव्हिसच्या सामुद्रधुनीतले बरेच देवमासे कदाचित वाचले असते. काकांच्या "आपला संबंध काय" याचे उत्तर हे आहे.

बंगाल म्हणजे आपण नव्हे, असे कोणी म्हणेल. पण बारदान कुठे थांबते? मुंबईच्या गोदीत, लासलगावच्या कांद्याच्या आडतीत, रेशनच्या दुकानात, साखर कारखान्याच्या गोदामात सगळीकडे तेच पोते. लहानपणी नव्या गोणपाटाला घासलेटासारखा वास यायचा, आठवतो? तो तागाचा नव्हे, तो तेलाचा वास. देवमाशाच्या तेलाची जागा पुढे खनिज तेलाने घेतली, कृती तीच राहिली. त्या तेलाचा अंश धान्यात उतरतो म्हणून 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय ताग संघटनेने कोको, कॉफी आणि सोललेल्या दाण्यांच्या पोत्यांसाठी मर्यादा घातली: न साबणणारे पदार्थ किलोला 1250 मिलिग्रॅमपेक्षा कमी हवेत. मग वनस्पती तेले वापरून 'खाद्य दर्जाची' पोती निघाली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी डंडीच्या पोत्यात भरलेला गहू खाणारा एखादा सोवळा माणूस देवमाशाच्या तेलाला स्पर्श केल्यावाचून राहिला असेल, असे आम्हाला वाटत नाही. हे आम्ही कोणाला हिणवायला लिहीत नाही. आमच्या घरीही आजी एकादशीचे साबुदाणे पोत्यातूनच काढायची.

गिरणीत प्रात्यक्षिकासाठी यंत्रे चालवून दाखवतात. ती सुरू झाल्यावर आमच्याबरोबरच्या वहिनी एकदम गप्प झाल्या. त्यांचे वडील परळच्या कापड गिरणीत साच्यावर होते, 1982 च्या संपात घरी बसले ते कायमचेच. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आवाज तोच आहे हो. बाबांना उजव्या कानाने ऐकूच यायचे नाही, आम्ही चिडायचो." डंडीच्या विणकर बायकाही बहिऱ्या होत आणि ओठ वाचून, हातवारे करून बोलत. इथे गिरण्यांतल्या कामगारांत बायकाच जास्त, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. पुरुष घरी. त्यांना गावात 'केटल बॉयलर' म्हणत, चहाचे आधण ठेवणारे. गिरणीच्या भोंग्याला 'बमर' म्हणत. वहिनींना भोंग्याची ही गोष्ट सर्वांत आवडली, त्यांनी ती दोनदा विचारून घेतली.

या पोत्याचा सूडही इतिहासाने घेतला. 1855 मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा इथे तागाची पहिली गिरणी निघाली, यंत्रे डंडीची. मागोमाग डंडीचे जॉबर, मॅनेजर, मिस्त्री गेले. विसावे शतक उजाडेपर्यंत हुगळीकाठच्या गिरण्यांनी डंडीला मागे टाकले होते. मालक मोठ्या बंगल्यांत राहिले, त्यांचे पैसे दोन्हीकडे गुंतले होते. गरिबी हुगळीकाठी राहिली आणि डंडीच्या बायकांच्या वाट्यालाही आली. 1999 मध्ये डंडीतली तागाची शेवटची कताई बंद झाली.

आणि एक नाव सांगायचे राहिले. पॅट्रिक गेडिस हे डंडीच्या कॉलेजात तीस वर्षे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. 1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात आले आणि तिथला समाजशास्त्र विभाग त्यांनी सुरू केला. आपल्यातल्या कित्येकांनी मुंबई विद्यापीठाची पदवी भिंतीवर लावली आहे, पण त्या विभागाची मुळे डंडीत आहेत हे आम्हालाही परवापर्यंत ठाऊक नव्हते.

आता काकांचा पहिला प्रश्न, पोरांचा. तो आम्ही आधी हसण्यावारी नेला, ती आमची चूक. डिस्कव्हरी जहाज पाहताना पोरे खूश होती. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी 1901 मध्ये डंडीतच बांधलेले हे जहाज. बर्फात टिकणारी लाकडी जहाजे बांधण्याचे कसब शिकारीच्या धंद्यानेच इथे वाढवले होते. पण शनिवारी मॅकमॅनसमध्ये भाले पाहून आमचा पाच वर्षांचा मुलगा रडला आणि रात्री उठून बसला. तेव्हा आठ वर्षांखालच्या पोरांना त्या दालनातून नेऊ नये, एकाने त्यांना नदीकाठी व्ही अँड ए संग्रहालयाकडे फिरवावे. थोरल्यांनी मात्र पाहावे. न पाहिल्याने अहिंसा पाळली जात नाही, पोते कोणत्या तेलात मुरले होते हे न कळल्यानेच आपण इतकी वर्षे निर्धास्त होतो.

पोरांना कमी समजते असेही धरून चालू नये. परतीच्या वाटेवर थोरल्या मुलाने गणपतीपुळ्याचा विषय काढला. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू अडकले होते. गावकरी आणि वन खात्याच्या लोकांनी ओले कापड घालून, पाणी ओतून त्याला जगवले, समुद्रात ओढून सोडले. काही दिवसांनी ते मेलेले सापडले. मुलाचे म्हणणे, डंडीने मारले आणि आपण वाचवले. आम्हाला अभिमान वाटलाच. पण त्याच कोकणात देवमाशाची उलटी, म्हणजे अत्तरवाल्यांचा अंबर, विकायला निघालेल्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या आहेत. हेही त्याला सांगितले. तो थोडा खट्टू झाला आणि मग स्टर्लिंग येईपर्यंत दुसऱ्याच गोष्टीवर वाद घालत बसला.

तर कमिटीपुढे आमचा आग्रह असा. यंदाची सहल डंडीला न्यावी. आपण इथे राहतो, कर भरतो, पोरे इथल्या शाळेत इथला इतिहास शिकतात. त्या इतिहासात आपण केवळ पाहुणे आहोत असे धरून फक्त किल्ले आणि आगगाड्या दाखवत राहिलो, तर 'भारतातून आलेला कच्चा माल' ही पाटी वाचून पोरे पुढे जातील. ती पाटी थांबून वाचायला शिकवणे शाळेच्या हातून होईल असे वाटत नाही. आम्ही स्वतःदेखील पहिल्यांदा ती न वाचता पुढे गेलो होतो, वहिनींनी मागे बोलावले.

एक दिवसाची बस पुरेल. सकाळी आठला निघून दहापर्यंत व्हर्डंट वर्क्स, जेवण नदीकाठी, दुपारी डिस्कव्हरी (दोन्हींचे मिळून तिकीट स्वस्त पडते), शेवटी मॅकमॅनस. डबे घरून आणावेत, वारा लक्षात घेता कागदी पत्रावळी आणू नयेत. बसच्या कंपनीकडे चौकशी केली आहे, चाळीस नावे आली तर परवडेल. आतापर्यंत सव्वीस झाली आहेत. काकांनी अजून नाव दिलेले नाही, पण त्यांनी फोन करून विचारले की तिथे जिने किती आहेत.