संचालक मंडळातली खुर्ची : हक्क की नवे वतन?

बांधवांनो, ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत आपली जागा कुठे आहे याचा हिशेब आपली चळवळ रोज मांडते. सरकारी नोकरीतला अनुशेष आपल्याला तोंडपाठ असतो. पण उसाची पहिली उचल किती, तोडणीचा ठेका कुणाला, कायम कामगार किती आणि कंत्राटी किती, हे ज्या बंद खोलीत ठरते, त्या खोलीत कोण बसते हे आपण विचारत नाही. ती खोली म्हणजे संचालक मंडळ. नगर जिल्ह्यात तर हा प्रश्न टाळून चालणारच नाही, कारण इथले राजकारण, शिक्षण आणि पतपुरवठा साखर कारखान्याच्या धुराड्याभोवतीच फिरत आला आहे.

सहकारी कारखान्यात आपली एक खुर्ची कायद्याने आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, 1960 च्या कलम 73-ब नुसार संचालक मंडळात अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी एक जागा राखीव असते. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळ्या जागा आहेत. हा हक्क कागदावर छोटा दिसतो, पण मंडळापुढे येणारा प्रत्येक ठराव बघण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि विरोध इतिवृत्तात नोंदवण्याचा अधिकार त्यात आहे.

मग तो वापरला का जात नाही? कारण या राखीव जागेसाठी उमेदवार आपला असला तरी मतदान सगळे सभासद करतात. सभासद व्हायचे तर ऊस पिकवायला जमीन हवी आणि आपला बहुसंख्य समाज भूमिहीन. म्हणजे आपला संचालक निवडतात ते आपण नव्हे, पॅनेलचा प्रमुख निवडतो. पुणे कराराने 1932 साली संयुक्त मतदारसंघ आपल्या गळ्यात घातला, त्याचीच ही कारखान्यातली आवृत्ती आहे. जो मान डोलावतो त्यालाच उमेदवारी. जो हिशेब मागतो त्याचे नाव पुढच्या निवडणुकीत कापले जाते.

तरीही ती खुर्ची होती. आता तीही जात आहे. कर्जात बुडालेले सहकारी कारखाने राज्य सहकारी बँकेने जप्त केले आणि महाराष्ट्रभर त्यातले अनेक खासगी कंपन्यांना विकले. पारनेर तालुक्यातला देवीभोयरे येथील सहकारी कारखानाही खासगी मालकीत गेला. या विक्रीच्या किमतीवर भरपूर बोलले गेले. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी 2017 साली हा विषय उच्च न्यायालयात नेला. पण त्या व्यवहारात राखीव जागेचे काय झाले, हे कुणीच विचारले नाही.

कंपनी कायदा, 2013 उघडून पाहा. खासगी कंपनीला किमान 2 संचालक पुरतात. एकाच घरातले दोघे असले तरी चालते. सहकारात एक सभासद, एक मत. कंपनीत जेवढे शेअर्स तेवढी मते. कलम 149 मध्ये सूचिबद्ध आणि मोठ्या सार्वजनिक कंपन्यांना एक महिला संचालक नेमणे सक्तीचे आहे, खासगी कंपनीला तेही बंधन नाही. अनुसूचित जाती-जमातींचा तर त्या कलमात शब्दही नाही. जमीन तीच, ऊस तोच, चाळीत राहणारा कामगार तोच. फक्त कागद बदलला आणि आपली खुर्ची उडाली.

इथे लगेच गुणवत्तेचा मुद्दा काढला जाईल. त्याला उत्तर याच कायद्यात आहे. मंडळात स्त्री असलीच पाहिजे असे संसदेने ठरवले, तेव्हा मंडळाची रचना ही केवळ मालकाची मर्जी नाही हे तत्त्व मान्य झाले. मग तेच तत्त्व जातीपाशी येऊन का थांबते? कलम 166 सांगते की संचालकाने कंपनी आणि भागधारकांबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचे हित पाहिले पाहिजे. ज्या समाजाचे हित पाहायचे, त्याचा माणूसच खोलीत नको, हा कुठला न्याय?

आता नाण्याची दुसरी बाजू. जिथे खुर्ची मिळते तिथे तिचे काय होते? स्टँड-अप इंडिया योजना 2016 साली आली. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि महिला उद्योजकांना 10 लाख ते 1 कोटीपर्यंत कर्जाची ती योजना होती. कंपनी असेल तर 51 टक्के हिस्सा आणि नियंत्रण त्यांच्या हाती हवे, ही अट होती. अट चांगली, पण जातीचा दाखला आपल्या पोराचा आणि तिजोरीची चावी दुसऱ्याची, असे प्रकार आपल्या वस्त्यांना अनोळखी नाहीत. "तू फक्त सही कर" असे कुणी म्हणाले की सावध व्हा. सलग 3 वर्षे कंपनीची विवरणपत्रे भरली नाहीत तर संचालक 5 वर्षांसाठी अपात्र ठरतो. 2017 मध्ये केंद्राने अशा लाखाहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. कंपनीचा चेक वटला नाही तर सही करणारा आरोपी होतो. नफा त्यांचा, खटला आपला.

याला आम्ही नवे वतन म्हणतो. महार वतनही नावाला हक्कच होते. प्रत्यक्षात तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात गावाची आणि सरकारची वेठ होती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणा विधेयक मांडले आणि 16 डिसेंबर 1939 रोजी आपल्याच जिल्ह्यात, बेलापूर साखर कंपनीच्या हरेगावात, वतनदारांच्या परिषदेत याच प्रश्नावर आवाज उठवला. नाव आपले आणि सत्ता दुसऱ्याची, तिथे हक्क नसतो, गुलामी असते, हा तो धडा आहे. मनमाडला 1938 साली त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. संचालक मंडळात हे दोघे एकाच टेबलाला बसलेले दिसतात.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सहकारी कारखाना विकताना किंवा भाड्याने देताना राखीव संचालकाची जागा कायम राहील, अशी अट करारात घाला. कलम 149 मध्ये दुरुस्ती करून ठरावीक उलाढालीवरील प्रत्येक कंपनीत, ती खासगी असली तरी, अनुसूचित जाती-जमातीचा संचालक सक्तीचा करा. आणि सहकारातल्या राखीव जागेचा उमेदवार त्याच वर्गातल्या सभासदांनी निवडावा.

मागणीबरोबर अभ्यासही हवा. माहिती अधिकार खासगी कंपनीला थेट लागू होत नाही म्हणून हात टेकू नका. कंपनीचे वार्षिक विवरणपत्र, ताळेबंद आणि संचालकांची नावे कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर ठरलेले शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. आपल्या तालुक्यातल्या कारखान्याची कागदपत्रे काढा. वर्षाला 5 कोटींहून अधिक निव्वळ नफा असेल तर सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक आहे. तो पैसा कुठे गेला ते विचारा. स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मुलामुलींपैकी काहींनी कंपनी सेक्रेटरी आणि सनदी लेखापाल व्हायचे ठरवले पाहिजे.

बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात व्हा म्हणून सांगितले. आजचे शासन फक्त मंत्रालयातून चालत नाही, ते संचालक मंडळाच्या ठरावांतूनही चालते. त्या ठरावाखाली सही आपली असेल, तर तो वाचण्याची, अडवण्याची आणि बदलण्याची ताकदही आपलीच असली पाहिजे.

जयभीम!