दिसायला ठीक

निवृत्त माणसाने काय करावे, याबद्दल शेजारपाजाऱ्यांची मते फार ठाम असतात. सकाळी फिरावे, दुपारी वाचावे, संध्याकाळी नातवंडांना बागेत न्यावे. मी हे सारे करून पाहिले. कादंबऱ्या लिहितो म्हणून दुपारी खोलीचे दार लावून घेण्याची सवलतही मला घरात आहे. पण गेल्या पावसाळ्यात मी असा एक उद्योग केला, की बायकोने आठवडाभर मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ दिले नाही. पडवीत ताडपत्रीखाली अठरा वर्षे पडून असलेल्या राजदूत मोटारसायकलचे इंजिन मी स्वतःच्या हाताने उघडले आणि पुन्हा बांधले. आयुष्यात पहिल्यांदा.

तरुण वाचकांना राजदूत ठाऊक असलीच, तर १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटातली, छोटीशी. आमची ती नव्हे. आमची दणकट १७५, पोलंडच्या एसएचएल गाडीच्या धर्तीवर एस्कॉर्ट्स कंपनीने बनवलेली. दूधवाले, ग्रामसेवक आणि आमच्यासारखे बँकेचे फिल्ड ऑफिसर यांची ती गाडी. १९८४ ते १९८९ अशी पाच वर्षे मी अकोले तालुक्यात होतो. राजूरच्या पुढे भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या बाजूला तेव्हा पावसाळ्यात रस्ता नकाशावरच उरत असे. ओढ्यातून, भातखाचरांच्या बांधावरून, गुडघाभर चिखलातून ही गाडी मला नेई; आणि ती अडून बसली की राजूरच्या बाजारातला एक मिस्त्री तिची समजूत घाली. इंजिन शिकायला मी त्याच्याकडेच गेलो.

टू-स्ट्रोक इंजिन ही मोठी साधी चीज आहे. त्यात व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोके उघडतो आणि झाकतो. तो वर गेला की खाली क्रँकच्या पेटीत पेट्रोल आणि हवा ओढली जाते. खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढते आणि जळालेला धूर बाहेर ढकलते. वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. म्हणजे क्रँकची पेटी ही इथे नुसती पेटी नाही, तो पंप आहे. आणि पंप म्हटला की तो हवाबंद हवा. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. मी ठेवले नाही.

मिस्त्रींनी आता सत्तरी ओलांडली आहे. हात कापतात, म्हणून पाना मुलाच्या हाती गेला. ते स्वतः दुकानाच्या दारात स्टुलावर बसतात. मी इंजिन मुलाच्या मोटारीच्या डिकीत घालून नेले तेव्हा त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, “आधी पुसा, मग उघडा. घाण आत गेली की काम दुप्पट.” पहिला अख्खा दिवस रॉकेल, ब्रश आणि चिंध्या यांतच गेला. मग हेड निघाले, सिलिंडर निघाला. धूर जाण्याच्या भोकावर कार्बनचा थर इतका साचला होता, की त्यातून करंगळी जाईना. सिलिंडर झिजलेला होता. तो बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालणे आले. क्रँकचा रॉडही खुळखुळत होता. तो बदलायला प्रेस लागतो आणि नंतर क्रँक सरळ फिरतो की नाही हे लेथवर तपासावे लागते. दोन्ही कामे संगमनेरला पाठवली.

जोडणी मी केली. रिंग आधी नुसती सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजायची. पिस्टनच्या खाचेत एक बारीकशी पिन असते. रिंगची टोके तिच्यापाशीच आली पाहिजेत, नाहीतर ती सिलिंडरच्या भोकात अडकून मोडतात. पिस्टनवरचा बाण धुराच्या तोंडाकडे. पिस्टनपिनचे लॉक बसवताना खालच्या पेटीच्या तोंडात फडके कोंबायचे, नाहीतर लॉक उडून आत पडते आणि सारे पुन्हा उघडावे लागते. हेडचे नट एकाआड एक, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे. बँकेत सदतीस वर्षे हिशेब जुळवले, पण चूक अशी बोटांना कळते हे मला या वयात समजले.

एक गोष्ट मात्र मी माझ्या मनाने केली. क्रँकच्या मॅग्नेटकडच्या टोकाचे ऑइलसील जुनेच ठेवले. रबर दिसायला ठीक होते.

किक मारली. सहाव्या-सातव्या किकला इंजिन चालू झाले, निळा धूर बाजारभर पसरला आणि पोरे टाळ्या वाजवू लागली. मी रेस दिली, मग सोडली. आवाज खाली येण्याऐवजी वरच राहिला. मला ती ताकद वाटली. स्टुलावरून मिस्त्री ओरडले, “बंद करा, साहेब! हवा खातंय ते.” नको तिथून हवा आत आली की मिश्रणातले पेट्रोल आणि त्याबरोबरचे तेल दोन्ही कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन धरला जातो. इंजिन पुन्हा उघडले. सील हातात घेऊन त्यांनी मला त्याची कड वाकवायला सांगितली. ती दगडासारखी कडक झालेली होती. “दिसायला ठीकच दिसतं ते,” ते म्हणाले. “वाकवून बघायचं असतं.”

हे वाक्य मला लागले, आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख.

१९८६ साली या मिस्त्रींनी आमच्या शाखेत कर्जाचा अर्ज केला होता. सिलिंडर बोअर करायचे मशीन घ्यायचे होते. त्या भागात ते नव्हते. प्रत्येक सिलिंडर एसटीने संगमनेरला जाई आणि गिऱ्हाईक दोन-तीन दिवस खोळंबे. टिपण मी लिहिले. ‘अर्जदाराकडे तांत्रिक प्रमाणपत्र नाही. शिफारस करता येत नाही.’ प्रमाणपत्राची अट कोणत्याही परिपत्रकात नव्हती. ती मीच घातली. तो काळ एकात्मिक ग्रामीण विकास योजनेचा, उद्दिष्टांचा. त्याच महिन्यात कागद पुरे असलेल्या एका म्हशीच्या प्रकरणावर मी सही केली. ती म्हैस पुढे कोणाच्याच गोठ्यात दिसली नाही.

बँकेत लोकांचा पैसा असतो, तो डोळ्यांवर विसंबून वाटता येत नाही, असे माझे जुने सहकारी म्हणतील. मान्य. कागद हवाच. पण कागद तपासणे आणि माणूस तपासणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, आणि दुसऱ्या अंगासाठीच बँकेने मला ती मोटारसायकल दिली होती. त्या दुकानावरून मी रोज जात होतो. अर्धा तास थांबून तो माणूस कसे काम करतो, किती गिऱ्हाइके परत येतात, उधारी कशी वसूल करतो, हे पाहिले असते तर पुरे होते. नियम आडवा आला नव्हता; तेलकट हातांच्या माणसाला शिकलेला न मानण्याची आमच्या वर्गाची सवय आडवी आली होती.

आज परिस्थिती बदललेली आहे. २०१५ पासून मुद्रा योजनेत लहान धंद्याला तारणाशिवाय कर्ज मिळते. शाळेबाहेर, कामावर मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्याचे प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली आहे. हे चांगलेच आहे. टू-स्ट्रोकची वाहनेही मागे पडली, तेही योग्यच; या इंजिनात थोडे न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर जाते, आणि त्या निळ्या धुराच्या आठवणीने गहिवरण्यात अर्थ नाही. पण सवय योजनेने जात नाही. आजही घरोघरी मुलाला ‘अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात पाने उचलशील’ अशी धमकी दिली जाते. माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक शाळेत आठवी-नववीच्या मुलामुलींना एखादे जुने इंजिन उघडून पुन्हा बांधायला लावावे. ते सगळे मेकॅनिक होणार नाहीत. पण त्यांतला कोणी उद्या टेबलापलीकडे बसून कोणाच्या अर्जावर शेरा लिहील, तेव्हा अर्जामागचे काम त्याला दिसेल.

नवे सील घातल्यावर इंजिन नीट चालले. रेस सोडली की आवाज शहाण्यासारखा खाली येई. चहा पिताना मिस्त्रींनी सहज विचारले, “साहेब, त्या अर्जावर तुम्ही लिहिलं काय होतं हो?” चाळीस वर्षांत पहिल्यांदा. या काळात त्यांनी माझी गाडी कितीदा तरी दुरुस्त केली होती, एकदा तर घाटघरच्या पावसात येऊन. मी शब्दन्‌शब्द सांगितले. अट माझीच होती, हेही सांगितले, आणि चुकलो म्हणालो.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मशीन आलं असतं, तर पोराला मुंबईला दहा वर्षं राहावं लागलं नसतं.” रागाने नव्हे, हिशेब सांगावा तसे. मला उत्तर नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला आणि बोट दाखवले. “प्लग काढा. रंग कसा आलाय बघा.”

मी प्लग काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात फिरवून पाहिला, नखाने खरवडला, आणि परत माझ्याकडे दिला.