गुंडाळी सोडा, पत्रा बसवा

टर्बो गाडीच्या एक्झॉस्टला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली की पिकअप वाढतो आणि बॉनेटखालचा ताप कमी होतो, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. हे दोन निरनिराळे दावे आहेत. एकातली सत्यता दुसऱ्याच्या खात्यावर जमा करून पट्टी विकली जाते, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासू.

पिकअपच्या दाव्यामागचा तर्क मुंबईच्या गिरणगावाला परका नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांत बॉयलरची वाफ सायझिंग आणि रंगाई खात्यापर्यंत लांबलचक नळांतून न्यावी लागे. नळ उघडा ठेवला तर वाटेतच वाफेचं पाणी व्हायचं आणि कोळसा फुकट जळायचा, म्हणून त्याला लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण. टर्बोचं चाकही गरम वायूंतल्या ऊर्जेवरच फिरतं. मग ती वाटेत का सांडू द्यायची? तत्त्व बिनचूक आहे, पण गाडीत तेवढी वाटच उरलेली नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयसारख्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, त्याभोवती कूलंट खेळतं आणि टर्बो थेट हेडला जोडलेला असतो. मधे गुंडाळायला नळ कुठे आहे?

म्हणून पट्टी बसते ती डाउनपाइपवर, म्हणजे टर्बोच्या पुढच्या नळावर. तिथे टर्बाइनने आपलं काम उरकलेलं असतं. पुढची उष्णता वाचवून चाक जास्त फिरणार नाही. उलट वायू गरम राहिला की विरळ राहतो. तेवढंच वजन त्याच नळातून न्यायला त्याला जास्त वेगाने पळावं लागतं आणि पाठीमागचा दाब वाढतो. फरक किरकोळ असेल, पण आहे तो पट्टीच्या विरोधात. ‘गरम धूर झपाट्याने बाहेर पडतो’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी शोभतं, हिशेबात बसत नाही.

जुन्या बांधणीच्या, वेगळ्या मॅनिफोल्डच्या इंजिनांत टर्बोआधी गुंडाळता येतं आणि थोडा फायदाही होतो. त्याची किंमत धातू मोजतो. पूर्ण भारावर पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. उघडा मॅनिफोल्ड हवेला उष्णता देऊन त्याहून बराच थंड राहतो. गुंडाळला की धुराच्या तापमानाजवळ सरकतो. मग भेगा जातात, फ्लँज वाकतो. शर्यतीच्या गाडीचे सुटे भाग वारंवार बदलले जातात, दादरहून रोज ऑफिसला जाणाऱ्याचे नाहीत. (‘टायटॅनियम’ नावाने मिळणारी पट्टी बहुधा ज्वालामुखीच्या खडकाच्या तंतूंची असते. टायटॅनियम राहतं वेष्टनावर.)

बॉनेटखालचा ताप कमी होतो, हा दुसरा दावा मात्र खरा आहे. टर्बोजवळच्या वायरी, रबरी होज आणि हवेचा पाइप यांना गुंडाळीने आराम मिळतो. पण ही मुंबई आहे. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि हिंदमातासारख्या सखल भागात तुंबलेलं पाणी गाडीखालून थेट नळापर्यंत पोचतं. पट्टी ते शोषते. गाडी चालली की ती सुकते, रात्री रस्त्याच्या कडेला पुन्हा भिजते. समुद्राजवळच्या हवेतला खारेपणा तंतूंत साचत जातो आणि लोखंडी नळ पट्टीखाली कुजतो. गंज दिसत नाही, कारण दिसायची जागाच झाकलेली असते. गॅस्केटमधून ऑइल झिरपलं तर पट्टी ते पिऊन घेते. पुढे धूर, वास आणि कधी आगही.

मग ताप कसा अडवायचा? कंपनीने तो अडवलेलाच असतो, टर्बोवरच्या पातळ चकचकीत पत्र्याने. आपल्या गॅरेजांत हा पत्रा खडखडतो म्हणून काढून भंगारात टाकतात, आणि मग वायरी भाजतात म्हणून त्याच गिऱ्हाइकाला पट्टी सुचवतात! तापलेला धातू शेजाऱ्याला भाजतो तो बराचसा प्रारणाने, आणि प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं: ४६० अंशांचा नळ ६०० वर गेला की ते दुप्पट होतं. मधे अंतर ठेवून एक साधा पत्रा उभा केला तरी ते निम्म्यावर येतं, चकचकीत असेल तर त्याहून पुष्कळ खाली. नळ मोकळा श्वास घेतो, पाणी निथळून जातं, आणि भेग पडली तर टॉर्च मारून दिसते. खडखडणाऱ्या पत्र्याला नवा बोल्ट आणि रुंद वॉशर लागतो, फार तर नवा पत्रा.

त्यानेही एखादी वायर किंवा होज तापत असेल, तर चंदेरी स्लीव्ह त्या वायरीला घालावी. भाजतं त्याला झाकायचं, भाजणाऱ्याला मोकळं ठेवायचं. सिरॅमिक कोटिंग महाग पडतं, तरी ते पाणी धरून ठेवत नाही. टर्बाइनच्या घरावर घालायचं ब्लँकेट ट्रॅकवर नेणाऱ्यांसाठी ठीक, तेही शर्यत संपल्यावर काढून तपासणार असाल तर. आधीच पट्टी गुंडाळलेली असेल, तर जूनपूर्वी ती सोडायला सांगा आणि खालचा नळ स्वतः वाकून बघा. पापुद्रे सुटत असतील तर नळ बदला, आणि गॅरेजवाल्याने जुना पत्रा कुठे ठेवला ते तेव्हाच विचारा.