भालकीची खुर्ची

आमच्या कार्यालयात काही वर्षांमागे नव्या खुर्च्या आल्या. काळ्या, चकचकीत, उंच पाठीच्या. पुरवठ्याच्या कागदावर 'लेदर' असा शब्द होता. फाइल माझ्याच टेबलावरून पुढे गेली, त्यामुळे तो मी स्वतः वाचला होता. तिसऱ्या पावसाळ्यात त्या खुर्च्यांची साल सुटायला लागली. पांढरा शर्ट घालून बसलेला माणूस उठला की पाठीवर काळे कपटे! शिपायाने एकदा ब्रश मारून बघितला, तर होती तीही साल निघाली आणि खालून राखाडी कापड दिसायला लागलं.

नंतर चौकशी केल्यावर कळलं की हे कातडं नव्हेच. कारखान्यात उरलेला कातड्याचा भुसा गोंदात कालवून कापडावर थापतात आणि वरून प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवतात. तो पापुद्रा दमट हवेत आपोआप विरतो. आणि आमच्या गोव्यात दमट हवेला काय तोटा! अशी खुर्ची दुरुस्त होत नाही. दुरुस्त करायला आत काही असावं लागतं.

हे सगळं आठवलं ते सासुरवाडीच्या एका खुर्चीमुळे.

माझी सासुरवाडी भालकीची. बिदर जिल्ह्यातला तालुका. घरात मराठी, दुकानांच्या पाट्या कानडी आणि कपाटातले जुने कागद उर्दू. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, मग १९५६च्या १ नोव्हेंबरला बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडे मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात राहिली. माझ्या बायकोचे आजोबा निजामाच्या काळात वकिली करत. त्यांची एक खुर्ची आहे. सागवानी, रुंद हातांची, बैठकीला आणि पाठीला जाड तांबूस कातडं, कडेने पितळी खिळ्यांची रांग. आमच्याकडच्या वोल्तेरची थोरली बहीण म्हणा ना. फरक एवढाच, की गोव्यातल्या आमच्या वोल्तेरला वेताची वीण असते. ती तुटली की विणणारा सापडतो, लाकूड हललं की मेस्त येतो. कातड्याची दुरुस्ती म्हणजे काय, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या घरात कातडं म्हणजे वहाणा, आणि त्या उंबऱ्याबाहेर.

२०२५च्या मे महिन्यात गेलो तेव्हा ती खुर्ची माजघरात उलटी पडली होती. बैठक पुढच्या कडेला वीतभर फाटलेली, आतून काथ्या बाहेर. (भालकीत नारळ कुठला! काथ्या आमच्याच किनाऱ्यावरून गेला असणार, अशी मी आपली समजूत करून घेतली.) मेहुण्याने हैदराबादच्या एका दुकानाला फोटो पाठवले होते. त्यांनी सांगितलं, जुनं सगळं काढून फेकू, नवीन स्पंज, वर रेक्झिन, 'डिट्टो लेदर', अकरा हजार. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, खरं सांगतो.

सासरे मात्र म्हणाले, "आधी मामांना दाखवू."

मामा म्हणजे बाजारात झाडाखाली बसणारे चप्पल शिवणारे. सत्तरीचे असावेत. ते आले, खुर्चीपाशी उकिडवे बसले, फाटलेल्या जागी बोट घालून कातड्याची कड चाचपली, नखाने जरा खरवडली, वास घेतला. मग बोट ओलं करून एका कोपऱ्यात टेकवलं. तो डाग क्षणात काळवंडला आणि हळूहळू परत गेला. "सालीचं हाय," ते म्हणाले. मेहुण्याने रेक्झिनची गोष्ट काढली, तर म्हणाले, "रेक्झिन घालायचं तर मला कशाला बोलिवलाव?"

'सालीचं' म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेलं. या भागात माळावर तरवड माजतं, पिवळ्या फुलांचं. तेलंगणाने राज्यफूल म्हणून मानाने मिरवलेलं तंगेडू ते हेच. तरवडाची साल, बाभळीची साल, हिरडा, यांच्या पाण्यात कातडं आठवडेच्या आठवडे मुरवायचं, ही जुनी रीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रोमच्या क्षारांनी कातडं कमावायची युक्ती निघाली, ते काम दिवसाभरात उरकतं, आणि आज जगातलं बहुतेक कातडं तसंच निघतं. क्रोमचं कातडं मऊ, पाण्याला दाद न देणारं. सालीचं कातडं पाणी पितं, तेल पितं आणि वर्षं जातील तसं गडद होत जातं. त्याला माणसासारखं वय दिसतं. म्हणून तर त्याची डागडुजी करता येते.

पुढचे पाच दिवस मी सुट्टी सत्कारणी लावली, म्हणजे मामांच्या शेजारी पाट घेऊन बसलो. जे बघितलं ते लिहून ठेवतो. कुणाच्या घरी अशी वस्तू असेल तर उपयोगी पडेल.

पहिला दिवस नुसता झाडण्यात गेला. मऊ ब्रश, मग जेमतेम ओलसर फडकं, घट्ट पिळलेलं. पाणी ओतायचं नाही, साबण तर मुळीच नाही. खिळे एकेक करून उचकटले आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका पुठ्ठ्यात टोचून ठेवले. "त्याचं भोक त्यालाच बसतं," हा मामांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी ठिगळ. ठिगळ वरून लावत नाहीत, हे मला तिथे कळलं. शेळीच्या पातळ कातड्याचा तुकडा, त्याच्या कडा रापीने तासून तासून कागदासारख्या केल्या, म्हणजे बसणाऱ्याला उंचवटा लागत नाही. तो आतल्या बाजूने चिकटवला. चिकटवायला कणकेची खळ, किडीसाठी त्यात किंचित मोरचूद. मी विचारलं, बाजारातला तो पिवळा सोल्युशन का नको? ते म्हणाले, तो सोडवता येत नाही. पुढच्याला उघडावं लागलं तर कातडं फाटेल, खळ ओली केली की सुटते.

पुढच्याला! म्हणजे आणखी चाळीस-पन्नास वर्षांनी जो कुणी ही खुर्ची उघडेल, त्याची सोय हे आज बघत होते. संग्रहालयांत कातड्याच्या जुन्या वस्तू सांभाळणारे तज्ज्ञही हेच सांगतात. आपण केलेलं काम उद्या कुणाला निस्तरता आलं पाहिजे, आणि हात जितका कमी लागेल तितका बरा. त्यासाठी लोक परदेशी जाऊन पदव्या घेतात. मामांची शाळा चौथीत सुटली.

शिवण जुन्याच भोकांतून. आरीने नवी भोकं पाडली तर कातडं टिकलीच्या कागदासारखं त्या रेषेत फाटतं. दोऱ्याला मेण. फाट मिटल्यावर मधे जी फट दिसत होती तिला रंग म्हणून बाभळीच्या सालीचा काढा, दोनदा. तरी फाट दिसतेच. मेहुणा कुरकुरला, पण मला ती दिसलेली आवडली. काळा रंग हवा असता तर गुळाच्या पाण्यात गंजके खिळे भिजवून ते पाणी लावतात, सालीच्या कातड्यावर ते शाईसारखं काळं चढतं. शेवटी एरंडेल, तेही तळहातावर चोळून, हाताला जेवढं उरेल तेवढंच. "लई पाजलं तर धूळ खातं," मामा म्हणाले. मी सांगितलं, आमच्याकडे पावसाळ्यात कातड्यावर पांढरी बुरशी धरते. तर म्हणाले, कोरड्या फडक्यानं पुसा, वारं लागू द्या, उन्हात घालू नका. भालकीचा उन्हाळा कातडं भेगाळून टाकतो, गोव्याचा पावसाळा कुजवतो, आणि दोन्हीकडे इलाज एकच, सावली आणि वारा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

पाचही दिवस हे काम अंगणात चाललं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी खुर्ची आपसूक बाहेर नेली गेली आणि मामा जमिनीवर बसले. ज्या खुर्चीत आजोबा बसले, सासरे बसले, लग्नानंतर मला मोठ्या मानाने बसवलं गेलं, ती आत. तिला जोडणारा बाहेर. चहा आला तो काचेच्या ग्लासात. आम्हाला कप होते. मी कप हातात धरून बसलो होतो, हेही लिहितो.

भालकीहून तासाभराच्या वाटेवर बसवकल्याण आहे. बाराव्या शतकातलं कल्याण ते हेच. तिथे १०८ फुटी बसवेश्वर उभे आहेत, नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी २०२१ साली झाली आहे. त्याच गावात हरळय्यांची गुंफा दाखवतात. हरळय्या जातीने समगार, चप्पल शिवणारे. कथा अशी, की बसवण्णांनी त्यांच्या एका नमस्काराला दोन नमस्कार केले, ते ऋण फेडायचं म्हणून हरळय्या आणि त्यांची बायको कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा शिवल्या. बसवण्णांनी त्या पायांत न घालता डोक्यावर घेतल्या. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न लागलं, आणि बिज्जळ राजाने दोन्ही बापांना क्रूर देहदंड दिला. कल्याण पेटलं ते तिथून. गिरीश कार्नाडांचं 'तलेदंड' याच घटनेभोवती फिरतं. ढोर कक्कय्याही त्याच शरणांतले, कातडं कमावणाऱ्यांचे. त्यांची समाधी परंपरेने सांगितली जाते ती खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला, म्हणजे आपल्या गोव्याच्या शेजारीच. आपल्यापैकी किती जण गेलेत? मी गेलेलो नाही.

कातड्याच्या कामाला एवढी मोठी कथा लाभलेली दुसरी भूमी मला माहीत नाही. आणि त्याच भूमीत ते काम करणारा जमिनीवर. बिदरचं बिदरी काम बघा. काळ्या धातूवर चांदीची नक्षी, त्याला भौगोलिक मानांकन आहे, शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. फार योग्य झालं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बिदर नाही, कलबुर्गी नाही. नियमाने बरोबरच आहे, मानांकन वस्तूला असतं आणि इथल्या चर्मकाराकडे अशी नावाची वस्तू नाही. त्याच्याकडे आहे ती दुरुस्ती, आणि दुरुस्तीला मानांकन देत नाहीत.

आम्ही भालकीहून परतलो आणि महिन्याभरात प्राडाचं प्रकरण गाजलं. मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला, भारताचा उल्लेख नाही, मग ओरड झाल्यावर प्रेरणेची कबुली. माझ्या ओळखीच्या प्रत्येकाने तो संताप पुढे पाठवला. मीही पाठवला. पाठवता पाठवता मला ते साडेतीन हजार आठवले.

ते असे. पाच दिवसांचे मामांनी चार हजार मागितले. हैदराबादचे अकरा हजार आम्ही निमूट कबूल केले होते. इथे मी, हो मीच, म्हणालो, "तीन करा." घासाघीस झाली, साडेतीनवर तुटलं. वाचवलेले पाचशे परतीच्या वाटेवर हुमनाबादजवळच्या धाब्यावर गेले.

जुनी घरं, जुनं फर्निचर, वारसा, यावर गोव्यात हल्ली पुष्कळ बोललं जातं. जुन्या खुर्च्या पॉलिश करून मोठ्या किमतीला विकल्या जातात, विकणाऱ्याचं नाव पाटीवर असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की वस्तू जपायची हौस असेल तर आधी ती दुरुस्त करणाऱ्याला सुताराएवढी, रंगाऱ्याएवढी मजुरी द्या आणि त्याला ओसरीवर घ्या. नाहीतर त्याची मुलं हे काम करणार नाहीत, आणि त्यांनी का करावं? मामांचा मुलगा हैदराबादेत घरोघरी पार्सलं पोचवतो. पणजीत अठरा जून रस्त्यावर ज्याच्याकडे मी चप्पल शिवतो तो आळंद तालुक्यातला, कलबुर्गी जिल्ह्यातला. त्याला मी खुर्चीचं विचारलं, तर म्हणाला, ते काम बाप करायचा, मला फक्त चप्पल येते.

खुर्ची तयार झाली तेव्हा मामांनी बैठकीवर दोन्ही तळहात दाबून बघितले, मग गुडघा टेकवून भार दिला. मी म्हणालो, बसून बघा ना. ते नुसतं हसले आणि रापी, आरी पिशवीत भरायला लागले. मी पुन्हा म्हणालो नाही. दुसऱ्यांदा म्हणायचं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. कुणी आग्रहाने बसवलं तर त्यात त्यांचा मान होता की माझी हौस?

निघताना मेहुण्याने त्यांचा नंबर फोनमध्ये घातला, 'चप्पलवाले मामा' म्हणून. दिवाळीला मी तो नंबर घेऊन शुभेच्छांचा फोन केला. आधी नाव विचारलं, कारण पाच दिवसांत आमच्यापैकी कुणी ते विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, एप्रिलात एकदा तेलाचा हात फिरवावा लागेल, उन्हं तापायच्या आत बोलवा. मी विचारलं, किती घ्याल? "ते तुमीच सांगा आता," म्हणाले आणि मोठ्याने हसले.