पर्ड्यू विद्यापीठाच्या क्रीडा विभागास खुले पत्र



वेस्ट लाफायेटला शिकायला आलेल्या आम्हा मराठी पोरांना अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. रॉस-एड स्टेडियमने तो खेळ शिकवला आणि वेडही लावलं. त्या हक्काने लिहितो आहे.

२०२४ मध्ये एक विजय, अकरा पराभव. २०२५ मध्ये दोन आणि दहा. या दोन वर्षांत बिग टेन या आपल्या लीगमधले १८ च्या १८ सामने आपण हरलो. नोटर डेमने आपल्याच घरी येऊन ६६-७ असं धुतलं. तरीही पर्ड्यूचा चाहता हरण्याला भीत नाही. २०२४ मध्ये इलिनॉयविरुद्ध २४ गुणांची पिछाडी भरून काढून आपण सामना ओव्हरटाइममध्ये नेला, तिथे बरोबरीवर न थांबता दोन गुणांसाठी गेलो आणि ५०-४९ असे हरलो. त्या पराभवाचा मला अभिमान आहे.

दुखणं वेगळंच आहे. मैदानात उतरणारा संघ आता आमच्या ओळखीचाच नसतो. २०२५ मध्ये निम्म्याहून अधिक चेहरे नवे होते. इलिनॉयला घाम फोडणारा आपला क्वार्टरबॅक रायन ब्राउन २०२४ चा मोसम संपताच विद्यापीठ बदलण्याच्या ट्रान्सफर पोर्टलमधून नॉर्थ कॅरोलायनाला गेला. काही महिन्यांत परत आला, हे आपलं नशीब. रनिंग बॅक डेव्हिन मॉकोबी मात्र शिष्यवृत्तीशिवाय आला, ब्रॉम, वॉल्टर्स आणि ओडम असे तीन प्रशिक्षक त्याने पाहिले, आणि तो टिकला. असा मुलगा चेंडू घेऊन धावला की आम्ही आपोआप उभे राहतो.

पैशाचं गणित आम्हालाही कळतं. २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षी, २०२५-२६ मध्ये, त्याची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्यातला फुटबॉलचा वाटा किती, हे चाहत्यांना उघड सांगा. पण निव्वळ पैशाची सबब पटणार नाही. २०२३ मध्ये इंडियानाही ३-९ होती. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले, आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातली आपली पारखलेली पोरं सोबत घेऊन आले, आणि दोन मोसमांत तो संघ राष्ट्रीय विजेता झाला. वाटेत रॉस-एडवर आपल्याला ५६-३ असं हरवून गेला. पर्ड्यू-इंडियाना सामन्याचा करंडक असलेल्या ओकच्या त्या जुन्या बादलीच्या साखळीत दरवर्षी जिंकणाऱ्याचं एक अक्षर ओवलं जातं. आजही त्यात 'पी' जास्त आहेत, पण शेवटचे दोन्ही दुवे 'आय' आहेत. ते फार बोचतं.

उपाय शोधायला लांब जायला नको. शेजारच्या मॅकी अरीनात मॅट पेंटर २००५ पासून बास्केटबॉलचे मुख्य प्रशिक्षक आहेत. झॅक एडी हायस्कूलमध्ये फारसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. त्याला चार वर्षं घडवलं आणि २०२४ मध्ये आपण राष्ट्रीय अंतिम सामना खेळलो. फुटबॉलमध्येही हे आपण केलेलं आहे. ड्रू ब्रीझ इथे चार वर्षं राहिला, तेव्हाच रोझ बाउल दिसला.

म्हणून मागणी एवढीच. ओडम यांना वेळ द्या. पहिल्या वर्षाच्या मुलांवर पैसा लावा आणि ती तिसऱ्या वर्षीही याच जर्सीत दिसतील असे करार करा.

आपला,
पर्ड्यूचा एक माजी विद्यार्थी