पाईप धरायला पोरगा

मंडळी, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या आणि चौतीस वर्षं शाळेत मराठी-इतिहास शिकवलेल्या बाईने सीएनसी राउटरवर लिहावं, म्हणजे कलियुगच म्हणायचं. पण गेल्या आठवड्यात जे पाहिलं ते पोटात राहीना. नात्यातली मंडळीही इथे डोकावतात. तेव्हा भाचेबुवांनाही कळू दे, की मावशीचा राग अजून उतरलेला नाही.

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत भाच्याचं छोटं वर्कशॉप आहे. मालक धरून चार माणसं. देवघरं, जाळ्या, कपाटांची दारं करतात. तिथे आठ बाय चार फुटांचं मशीन आहे. संगणकात नक्षी घातली, की वरचा आडवा पूल (त्याला गॅन्ट्री म्हणतात) पुढे-मागे सरकतो, त्यावरचं स्पिंडल गरगर फिरत डावी-उजवीकडे जातं आणि एमडीएफच्या शीटवर वेलबुट्टी उमटते. मी हरखून बघत होते. मग शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे लक्ष गेलं. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. तोंडाला रुमाल, पापण्यांवर पिवळट भुकटी आणि दोन्ही हातांत धूळ ओढणारा जाड पाईप उचलून धरलेला. गॅन्ट्री पुढे गेली की तो पुढे, मागे आली की मागे.

"हा काय करतोय रे?"

"पाईप धरतोय, मावशी. मागे पाईप क्लॅम्पला अडकला नि अख्खी शीट वाया गेली."

म्हणजे बघा! माणसाचे कष्ट वाचावेत म्हणून लाखांचं मशीन घेतलं, आणि त्याला खुंटी म्हणून माणूस उभा केला. तोही सरकत्या गॅन्ट्रीला खेटून.

भाच्याचं म्हणणं असं, की विकणाऱ्याने मशीन असंच बसवून दिलं, पाईप छताच्या हुकाला सुतळीने बांधून. आणि सगळीकडे असंच असतं. हे 'सगळीकडे असंच असतं' मी कॉपी करताना सापडलेल्या मुलांकडून आयुष्यभर ऐकलंय. तेव्हा पटलं नाही, आता काय पटणार?

घरी येऊन चार दिवस वाचत बसले. शीट का वाया गेली ते तेव्हा कळलं. अशा बऱ्याच मशीनमध्ये स्टेपर मोटर असतात. कंट्रोलर मोटरला 'इतकी पावलं टाक' म्हणून सांगतो, पण तिने ती टाकली की नाही हे विचारत नाही. पाईप अडकून गॅन्ट्री क्षणभर थबकली, की तेवढी पावलं बुडतात आणि पुढची सगळी नक्षी सरकते. वर्ग मागे राहिला तरी बाई फळ्यावर पुढचं गणित मांडत राहतात ना, तसंच.

वायरींची तीच कथा. स्पिंडलची वायर, मोटरच्या वायरी, सेन्सरच्या वायरी, सगळ्यांची एकच जुडी. स्पिंडलच्या ड्राइव्हमधून निघणारा विद्युत गोंगाट सेन्सरच्या वायरीत शिरतो आणि मशीनला वाटतं, आपण टोकाला आलो. मग ते मध्येच थांबतं. शिवाय हजारो वेळा एकाच जागी वाकलेल्या वायरीतल्या तारा आतून तुटतात, वरून मात्र ती धडधाकट दिसते. मग दोष कुणाचा? म्हणे लाइटचा!

यावर उपाय काही चंद्रावरून आणायचा नाही. वायरी केबल चेनमधून न्याव्यात, आत मोकळ्या ठेवाव्यात, फक्त दोन्ही टोकांना पक्क्या धराव्यात. सतत वाकायला बनवलेल्या, बारीक तारांच्या वायरी वापराव्यात. स्पिंडलची वायर जाळीच्या कवचाची असावी, कवचाला अर्थिंग द्यावं, आणि ती सेन्सरच्या वायरींपासून लांब न्यावी. पाईपचं वजन वरून पेलावं. त्यासाठी भिंतीला फिरता लोखंडी हात लावला की झालं. तो कुठलाही वेल्डर करून देईल. पाईप चारही कोपऱ्यांना ताण न पडता पोहोचतो का, ते काम सुरू करण्याआधी मशीन हळूहळू फिरवून बघावं. पाईपला तीव्र वळणं नकोत, कारण त्याने ओढ कमी होते. आतल्या तारेला अर्थिंग हवं, कारण कोरडी भुकटी प्लास्टिकच्या पाईपातून धावली की स्थिर वीज साठते.

पण माझं भांडण शीटसाठी नाही. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच पहिल्या गटात घातलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात. हा कर्करोग नाकाचा आणि नाकालगतच्या पोकळ्यांचा. एमडीएफच्या गोंदात बहुधा असणारं फॉर्मल्डिहाइड २००४ साली त्याच गटात गेलं. १० मायक्रॉनहून बारीक कण तर सुटे डोळ्यांना दिसतही नाहीत. रुमालाने ते कसले अडतात! मी खडूच्या धुळीत चौतीस वर्षं काढली आणि खोकला घेऊन निवृत्त झाले. ते तेव्हा कुणाला सुचलं नाही. इथे तर सगळं छापलेलं आहे.

कायद्याचं म्हणाल, तर १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमातच म्हटलं होतं, की धूळ जिथे निर्माण होते तिथूनच, शक्य तितक्या जवळून खेचावी. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसं असली तरच तो कायदा लागू व्हायचा. २०२० च्या नव्या संहितेत तर त्या दहाचे वीस झाले. म्हणजे चार माणसांच्या दुकानातली फुप्फुसं मोजणीतच नाहीत. मग ती मोजायची कुणी? मालकानेच. आणि मालक विसरला तर त्याच्या मावशीने.

आठवडाभर मशीन बंद ठेवणं परवडत नाही, असं भाचा म्हणतो. अरे, रोज एक माणूस पाईप धरायला उभा करतोस, ते कसं परवडतं? तो पोरगा मला सांगत होता, "बाई, मला नक्षी काढायला शिकायचंय संगणकावर." दोन्ही हातांत पाईप असताना तो शिकणार कधी?

असो. रविवारी परत जाणार आहे. पाईप वर टांगलेला दिसला तर सगळ्यांना पुरणपोळी. पोराच्या हातात दिसला, तर पुढचा लेख भाच्याच्या नावानिशी!