मांजराच्या जटा

संस्कृतांत मांजराला ‘मार्जार’ म्हणतात. हा शब्द ‘मृज्’ म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें, या धातूपासून झाला आहे. पूजेंतलें मार्जनही त्याच घरचें. ज्याचा जागेपणींचा बराच वेळ अंग चाटून पुसण्यांत जातो, त्या प्राण्याला याहून अन्वर्थक नांव कोणतें द्यावें? म्हणूनच घरांतल्या मांजराच्या अंगावर केसांच्या जटा दिसूं लागल्या, तर ‘आळशी झालें आहे मेलें’ एवढें म्हणून स्वस्थ बसूं नये. मार्जारानें मार्जन सोडलें, याला कांहीं कारण असलेंच पाहिजे.

या जटा विशेषेंकरून कानांमागें, काखेंत, पोटाखालीं आणि शेपटीच्या बुडाशीं होतात. गळलेले केस बाहेर न पडतां शेजारच्या केसांत गुंततात, त्यांत धूळ आणि तेलकटपणा मिसळतो, आणि जुन्या घोंगडीसारखा घट्ट थर बनतो. आपल्या डोक्यावरची एक बट कोणी दिवसभर मुठींत ओढून धरावी, तसें तें दुःख आहे. पावसाळ्यांत थराखालीं ओल राहते, कातडी सोलवटते, आणि जखम झाली तर माशा तेथें अंडीं घालतात व किडे पडतात.

लांब केसांच्या पर्शियन मांजरांची गोष्ट थोडी निराळी. शहरांतील बिऱ्हाडांतून हीं मांजरें हल्लीं पुष्कळ दिसतात. अमेरिकेंतील जॉर्जिया टेक या संस्थेंतील संशोधकांनीं मांजराच्या जिभेचें सूक्ष्म परीक्षण करून २०१८ सालीं तें प्रसिद्ध केलें. जिभेवरच्या कांट्यांच्या टोंकाशीं पन्हळासारखी पोकळी असते आणि तींतून लाळ केसांच्या खोल थरांत पोंचते. पर्शियन मांजराचे केस मात्र दाबले तरी इतके दाट राहतात, कीं हे कांटे कातडीपर्यंत पोंचूंच शकत नाहींत. म्हणजे मनुष्यानें हौसेनें वाढविलेल्या या केसांवर रोज फणीही मनुष्यानेंच फिरविली पाहिजे. मुलांच्या हट्टासाठीं असें मांजर आणणाऱ्यांनीं हें काम कोणाकडे, हें आधीं ठरवावें. एकत्र कुटुंबांत ‘सर्वांचें मांजर’ म्हणजे पुष्कळदां कोणाचेंच नव्हे.

आखूड केसांचें आपलें देशी मांजर जटा धरूं लागलें, तर अधिक सावध व्हावें. लठ्ठ मांजराचें तोंड पाठीच्या मागच्या भागापर्यंत वळत नाहीं. दांत किडलेलें मांजर चाटणें टाळतें. आणि म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत बारा वर्षांहून अधिक वयाच्या १०० मांजरांचीं क्ष-किरण चित्रें तपासलीं, तेव्हां त्यांतील ९० मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. मांजर कण्हत नाहीं, लंगडतही नाहीं. फक्त उंच फळीवर उडी मारीनासें होतें, आणि आपण म्हणतों, वय झालें.

आतां उपायाकडे वळूं. जटेला कात्री लावूं नये, हें मी आग्रहानें सांगतों. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जटा उचलली कीं तीही तंबूसारखी वर येते, आणि केस कोठें संपले हें डोळ्यांना कळत नाहीं. आमच्या शेजारच्या घरीं सूनबाईंनीं मोठ्या मायेनें म्हाताऱ्या मनीच्या काखेंतली जटा कापावयास घेतली, तों जटेबरोबर रुपयाएवढी कातडीही हातांत आली. “अहो, ती ओरडलीसुद्धां नाहीं!” असें सासूबाई पुनःपुन्हा सांगत होत्या. चार टांके पडले. आंघोळही आधीं घालूं नये. पाण्यानें जटा अधिकच आवळते.

जेवून पेंगुळलेलें मांजर मांडीवर घ्यावें. जटेच्या मुळाशीं, अगदीं कातडीलगत, केस दोन बोटांत घट्ट धरावे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाहीं. वर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळावें. मग बोटांनीं जटेचे उभे भाग पाडून पोलादी फणीनें टोंकाकडून मुळाकडे सोडवीत जावें. पांच मिनिटांत जेवढें होईल तेवढेंच. शेपूट आपटूं लागलें कीं थांबावें, उरलेलें उद्यां. केस सुटल्यावर खालीं वाटोळे, केस गेलेले चट्टे दिसले, तर तें गजकर्ण असूं शकतें. तें माणसांनाही लागतें, म्हणून पशुवैद्याचा निर्णय होईतों मुलांना दूर ठेवावें.

जी जटा कातडीला इतकी चिकटली आहे कीं बोट बुडाशीं शिरत नाहीं, ती पशुवैद्याकडूनच यंत्रानें काढवावी; मांजर फार घाबरत असेल तर ते गुंगीचें औषध देतात. मुंडण केलेलें मांजर घरांत फिरलेलें वडील मंडळींना खपणार नाहीं, पण केस कांहीं महिन्यांत पुन्हा येतात.

घरगुती औषधांचा मोह मात्र आवरावा. फिनेल किंवा उग्र सुगंधी तेलें अंगाला लावलीं, तर मांजर तीं चाटतें, आणि त्याच्या यकृताला तीं पचवितां येत नाहींत. सांधे दुखतात म्हणून आपल्या कपाटांतली पॅरासिटॅमॉलची गोळी तर मुळींच देऊं नये. एकाच गोळीनें मांजर दगावूं शकतें. मांजराच्या सांधेदुखीवर पशुवैद्याकडे निराळीं औषधें आहेत, आणि दुखणें कमी झालें कीं कित्येक मांजरें आपण होऊन पुन्हा पाठ चाटूं लागतात.